तात्पर्य सांगण्यापूर्वी

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो आणि त्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष यांच्या जोडीला बोधकथेलाही ठरलेली जागा असते. रांगेत बसलेल्या मुलांपैकी एखादे मूल पुढे येऊन कथा सांगते, शेवटी ‘तात्पर्य’ म्हणून एक वाक्य उच्चारते आणि सारी मुले आपापल्या वर्गाकडे वळतात. राज्याच्या मूल्यशिक्षणात जी दहा मूल्ये सांगितली आहेत, त्यांत श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा यांच्याबरोबर संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता यांचाही समावेश आहे. म्हणजे दुसऱ्याचे दुःख ओळखणे आणि त्याच्याशी आदराने वागणे हेही शाळेच्या कामात मोडते, हे तत्त्व म्हणून केव्हाच मान्य झालेले आहे. प्रश्न उरतो तो रीतीचा. दया हा गुण मुलाच्या अंगी तात्पर्याच्या वाक्यातून येतो, की ते वाक्य उच्चारण्याच्या कितीतरी आधी घरातल्या, शेतातल्या आणि गावातल्या बारीकसारीक कामांतून येतो, आणि पुस्तकाने त्यात नेमकी कोणती भर घालायची, याचा विचार बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष फलदायी आहे, कारण तेथील लोकजीवनात कृतीतून शिकण्याच्या वाटा अजून पुष्कळ मोकळ्या आहेत.

आधी मुलाकडे पाहावे. लहान मूल स्वभावतः स्वार्थी असते आणि दया त्याला बाहेरून शिकवावी लागते, असे बराच काळ समजले जात असे. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजुतीला मोठा धक्का दिला. दीड वर्षाच्या चोवीस बालकांसमोर एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालत असताना त्याच्या हातून चिमटा खाली पडे आणि त्याचा हात तेथवर पोहोचत नसे, किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असल्यामुळे त्याला कपाटाचे दार उघडता येत नसे. कोणी सांगितले नाही, कोणी शाबासकी दिली नाही, तरी त्यांपैकी बहुतेक बालकांनी एकदा तरी पुढे होऊन मदत केली. तोच माणूस चिमटा मुद्दाम खाली टाकी तेव्हा मात्र बालके सहसा जागची हलत नसत. म्हणजे नुसती वस्तू उचलण्याची हौस नव्हती, समोरच्याची अडचण त्यांना कळत होती. मानसशास्त्रात अशा वागण्याला समाजाभिमुख वर्तन म्हणतात: दुसऱ्याच्या भल्यासाठी आपण होऊन केलेली मदत, वाटणी किंवा दिलासा.

याच दोघा संशोधकांनी २००८ मध्ये पुढचा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर पालकांनी व शिक्षकांनी जपून ठेवावे असे आहे. वीस महिन्यांच्या काही बालकांना मदत केल्याबद्दल प्रत्येक वेळी बक्षीस म्हणून एक वस्तू देण्यात आली, काहींचे नुसते कौतुक करण्यात आले, तर काहींना काहीच देण्यात आले नाही. नंतर बक्षीस बंद झाल्यावर पहिल्या गटातील बालकांची मदत करण्याची प्रवृत्ती इतरांच्या मानाने कमी झालेली दिसली. जी गोष्ट मूल आतल्या ओढीने करत होते, ती बक्षिसामुळे मोलाची झाली आणि मोल थांबताच ओढही ओसरली. याला आंतरिक प्रेरणेचा ऱ्हास म्हणतात. ‘आजीला पाणी दे, मग चॉकलेट देतो’ ही घराघरांत चालणारी बोली मुलाचे भले करण्याच्या हेतूनेच केली जाते, पण तिच्यामुळे आजीची तहान मागे पडते आणि चॉकलेट पुढे येते.

बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत ओळखला जातो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके येतात. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. दोन्हीकडे कापूस आणि सोयाबीनची शेती आहे, दोन्हीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पाण्याची ओढाताण होते. अशा मुलखात पाणी देणे ही मुलाला कळणारी पहिली दया ठरते, यात नवल नाही. दारी आलेल्याला बसायच्या आधी पाण्याचा तांब्या देणे, रस्त्याकडेच्या पाणपोईचा रांजण भरताना मोठ्यांबरोबर जाणे, अंगणातल्या झाडाला पाखरांसाठी मातीचे भांडे बांधून त्यात रोज सकाळी पाणी घालणे, या कामांना मुलाच्या हाताचे बळ पुरते आणि त्यांचा परिणाम मुलाला डोळ्यांनी दिसतो. भांडे भरले की चिमणी येते, विसरले तर येत नाही. याहून स्पष्ट धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाला घालून देता येणार नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी होणारी खांदेमळणी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. विदर्भात याला खांद शेकणे म्हणतात. दिवसा ओढ्यावर किंवा विहिरीवर बैल धुतले जातात आणि सांजवेळी, वर्षभर जू घासून जेथे घट्टे पडलेले असतात त्या खांद्यावर, तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेक दिला जातो. त्या वेळी बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देण्याचीही रीत आहे. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला वडील जेव्हा त्या घट्ट्यावर हात ठेवू देतात, तेव्हा आपल्या ताटातली भाकर कोणाच्या खांद्यावरून आली हे त्याला तळहाताने कळते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावण अमावास्येला, बैलाच्या मानेवर जू ठेवले जात नाही, त्याला झूल आणि बाशिंग चढते आणि पुरणपोळी आधी त्याच्या मुखी जाते. श्रमणाऱ्याचे उपकार स्मरून त्याला विसावा देणे आणि त्याच्या दुखऱ्या जागेची आपण होऊन विचारपूस करणे, ही दयेची दोन्ही अंगे या सणात एकत्र आलेली आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक घरांत बैल उरलेले नाहीत आणि मातीच्या बैलांची पूजा होते. पूजा टिकते, पण घट्ट्याचा स्पर्श मुलाला मिळत नाही, ही हानी मोठी आहे आणि तिची जाणीव ठेवूनच तिची भरपाई अन्यत्र शोधावी लागेल.

अशी भरपाई या जिल्ह्यात शोधायला दूर जावे लागत नाही. संत गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या शेगावच्या संस्थानात हजारो सेवेकरी विनावेतन सेवा देतात. दर्शनाला आलेल्या मुलाला तेथे काय दिसते? आपल्या गावात प्रतिष्ठित असलेली माणसे अनोळखी भाविकांच्या चपला नीट ठेवून घेतात, फरशी पुसतात, पंगतीत वाढतात आणि समोरच्याला ‘माउली’ म्हणून हाक मारतात. आषाढी वारीसाठी निघणारी शेगावची पालखी परतीच्या वाटेवर याच जिल्ह्यातील गावांतून जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी आणि चहा देण्यासाठी रस्त्याच्या कडेला मोठ्यांच्या बरोबरीने मुलेही उभी असतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांची रीतही हीच होती. ते गावात शिरताच आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि कीर्तन रात्री करत. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, मुक्या प्राण्यांना अभय हे त्यांच्या दशसूत्रीतील संदेश विदर्भातील कितीतरी सार्वजनिक भिंतींवर लिहिलेले आढळतात. कृती आधी आणि शब्द मागाहून, हा त्यांचा क्रम बालशिक्षणाच्या दृष्टीने अत्यंत अचूक होता.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतील मूळनिवासी समाजांचा दीर्घकाळ अभ्यास करून जे मांडले, तेही या क्रमाला पुष्टी देते. तेथील मुले मोठ्यांच्या कामाभोवती वावरतात, पाहतात आणि जमेल तेवढा हात लावतात. त्यांना कामापासून दूर सारून वेगळे धडे दिले जात नाहीत, आणि त्यामुळे मदत करणे हा त्यांना आपल्या घरातील जागेचाच एक भाग वाटतो. आपल्याकडे तीन वर्षांचे मूल ‘मी पण’ म्हणत भाकरीच्या पिठात हात घालते तेव्हा काम लांबते, पीठ सांडते आणि आई त्याला बाजूला सारते. पुढे तेच मूल दहा वर्षांचे झाल्यावर कामाला हात लावत नाही अशी तक्रार केली जाते. मात्र याचा अर्थ मुलावर कामाचा बोजा टाकावा असा मुळीच नव्हे. शाळा बुडवून कापूस वेचायला लावणे ही दयेची शिकवण नसून मुलावरचा अन्याय आहे.

आणखी एक अन्याय सहज नजरेआड होतो. पाहुण्यांना पाणी देणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, आजारी माणसाच्या उशाशी बसणे ही कामे बहुतेक घरांत मुलीच्या वाट्याला येतात आणि मुलगा त्यांतून सुटतो. ज्यांचे नाव प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावे त्या ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या होत्या, आणि १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात स्त्रीला एक नियम आणि पुरुषाला दुसरा कशासाठी, असा रोखठोक सवाल त्यांनी केला होता. दयेच्या बाबतीत तो सवाल आजही तसाच उभा आहे. मुलीला जी दया कर्तव्य म्हणून करावी लागते आणि मुलाला जी शिकवलीच जात नाही, ती दोघांच्याही अंगी नीट रुजत नाही. म्हणून धाकट्या बहिणीची वेणी घालणे किंवा आजोबांचे पाय चेपणे ही कामे मुलाच्याही हाती आली पाहिजेत.

आता पुस्तकाकडे वळता येईल. चित्रपुस्तक म्हणजे ज्यात गोष्ट चित्र आणि शब्द यांनी मिळून सांगितली जाते आणि दोहोंपैकी एक काढले तर गोष्ट अपुरी पडते असे पुस्तक. नुसती मधूनमधून चित्रे असलेले कथापुस्तक याहून वेगळे. मुलांसाठी चित्रांचे पुस्तक करण्याची कल्पना युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये प्रत्यक्षात आणली. दयेच्या शिक्षणात चित्राचे मोल असे की ते थांबते. खऱ्या भांडणात रडणाऱ्या मुलाचा चेहरा क्षणभर दिसतो आणि बघणारे मूल स्वतःच त्या भांडणात गुंतलेले असते. पानावरचा चेहरा मात्र हवा तितका वेळ न्याहाळता येतो, त्याच्या भुवया, खाली वळलेले ओठ, मुठीत धरलेली चिंधी यांवर बोट ठेवता येते आणि पान उलटून पुन्हा मागे येता येते.

हे बोट ठेवणे आणि बोलणे हाच वाचनाचा गाभा आहे. अमेरिकेतील सीलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड आणि अडीच वर्षांच्या बालकांबरोबर पालक चित्रपुस्तक वाचताना भावनांविषयी काय बोलतात हे तपासले. ज्या बालकांनी नंतर अधिक तत्परतेने मदत केली आणि वाटून घेतले, त्यांचे पालक भावनांचे वर्णन स्वतः करण्यापेक्षा त्याबद्दल मुलाला बोलते करत होते. म्हणजे ‘बघ, तो दुःखी आहे’ असे सांगून पुढे जाण्यापेक्षा ‘त्याला कसं वाटत असेल, कशामुळे?’ असे विचारून उत्तराची वाट पाहणे अधिक उपयोगाचे दिसते. येथे बोलीचा प्रश्न येतो. घाटाखालच्या मुलाला ‘त्याले कावून रडू येऊन रायलं?’ असे विचारले तर ते पटकन बोलते, कारण रडणे, रुसणे, समजूत काढणे हे सारे त्याने याच बोलीत अनुभवलेले असते; पुस्तक प्रमाण मराठीत असले तरी त्यावरचे बोलणे घरच्या बोलीत व्हावे. जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडील कोरकू मुलांच्या बाबतीत तर शब्दांविना गोष्ट सांगणारी चित्रपुस्तके अधिकच मोलाची ठरतात, कारण त्यांत कोणत्याही एका भाषेचे मूल आधीपासून पुढे नसते.

कोणती पुस्तके निवडावीत, याबाबत रूढ आवडीचा फेरविचार करावा लागेल. मराठीत लहान मुलांना नीती सांगायची म्हटले की पंचतंत्र आणि इसापनीती पुढे येतात. या कथा बहारदार आहेत यात शंका नाही; पण पंचतंत्राची चौकटकथाच सांगते की विष्णुशर्म्याने त्या राजपुत्रांना नीतिशास्त्र, म्हणजे व्यवहारात आणि राजकारणात टिकण्याचे चातुर्य, शिकवण्यासाठी रचल्या. तीतील कितीतरी कथांत जो सावध राहतो तो वाचतो आणि जो विश्वास ठेवतो तो फसतो. ते शहाणपण मुलाला कधीतरी लागेलच, पण त्याला दयेचा धडा म्हणणे चुकीचे आहे. शिवाय कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली: एकीत पात्रे माणसे होती, दुसरीत माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी. नंतर आपल्याजवळचे स्टिकर दुसऱ्या मुलासाठी देण्याची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी पूर्वीपेक्षा अधिक दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी तसे केले नाही. एका अभ्यासावरून प्राणिकथा बाद करण्याचे कारण नाही, पण मुलाला आपल्यासारखे मूल, आपल्यासारखे घर पानावर दिसणे किती आवश्यक आहे हे यातून कळते. या दृष्टीने माधुरी पुरंदरे यांचे काम मराठीत फार महत्त्वाचे आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांत घरातली खरी माणसे, त्यांच्या सवयी, लहानसहान रुसवेफुगवे लेखिकेनेच काढलेल्या चित्रांतून येतात आणि कोठेही उपदेशाचा आवाज लागत नाही. विदर्भातल्या खेड्याचे घर, तेथला ओटा, गोठा, तुऱ्हाटीचे कूड आणि वऱ्हाडी बोलणे असलेली अशी चित्रपुस्तके मात्र पुरेशी नाहीत. ती निर्माण व्हायला हवीत.

कथेत शिक्षा असावी की समेट, हाही निवडीचाच भाग आहे. मानसशास्त्रज्ञ कँग ली यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की खोटे बोलणाऱ्याची दुर्दशा सांगणाऱ्या कथेने मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही, पण खरे बोलल्याबद्दल वडील ज्यात समाधान व्यक्त करतात त्या कथेने ते कमी झाले. बुलढाण्यातील घरांत ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या पारायणातून मुलांच्या कानी पडणारी भास्कर पाटलाची कथा या कसोटीवर उत्तम उतरते. रणरणत्या उन्हात महाराजांनी पाणी मागितले, भास्कराने झिडकारले, महाराज कोरड्या विहिरीकडे गेले आणि तिला पाणी आले, असे दासगणूंनी त्या ग्रंथात वर्णिले आहे. पण कथा भास्कराला शासन करून संपत नाही, त्याला पश्चात्ताप होतो आणि तो महाराजांचा निकटचा भक्त होतो. जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांत सांगितली जाणारी सिद्धार्थ आणि जखमी हंसाची गोष्टही तशीच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे: बाण मारणारा देवदत्त पक्ष्यावर हक्क सांगतो आणि न्याय मात्र जीव वाचवणाऱ्याच्या बाजूने लागतो. पाच वर्षांच्या मुलाला हा वाद पूर्ण समजतो, कारण ‘हे माझं’ हे त्याचे रोजचे भांडण आहे.

दया करताना समोरच्याचा मान राखणे हे यापुढचे आणि अधिक अवघड पाऊल आहे. बुलढाणा हा विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि वर्गात शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी काय घडले आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. अशा मुलाला सर्वांसमोर वही-पेन देऊन टाळ्या वाजवल्या, तर देणाऱ्याला दया शिकवली जाते आणि घेणाऱ्याला लाज. त्याऐवजी त्याला खेळात घेणे, शाळा बुडाल्यावर त्याला अभ्यास दाखवणे, डब्यातले देताना त्याच्याही डब्यातले मागून घेणे, ही वागणूक दोघांनाही समान पातळीवर ठेवते. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पोचलेल्या मूल्यवर्धन कार्यक्रमात जोडीने चर्चा आणि गटाने काम या पद्धतींवर भर आहे, तो याच कारणाने योग्य वाटतो: तेथे कोणी दाता नसतो आणि कोणी याचक नसतो.

राहता राहिला पुस्तके मुलांच्या हाती पोचण्याचा प्रश्न. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे गावोगावी अंगणवाडी आहे, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनेक गावांत अनुदानित वाचनालये आहेत, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर मराठी चित्रकथा फोनवर विनामूल्य वाचता येतात व छापूनही घेता येतात. साधने आहेत; अडते ते बहुधा कपाटाच्या कुलुपाशी. पुस्तके फाटतील, मोजणीत कमी भरतील आणि जाब द्यावा लागेल, या धास्तीने ती मुलांच्या हाती दिली जात नाहीत, आणि ही धास्ती अंगणवाडी सेविकेची किंवा शिक्षकाची चूक नसून साठानोंदवहीच्या नियमाची आहे. हाताळून झिजलेले पुस्तक हिशेबात तूट न धरता वापर म्हणून धरण्याची मुभा वरिष्ठांनी लेखी दिली तर कुलूप निघेल. फाटलेले पान जोडायला गव्हाच्या पिठाची खळ आणि पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी पुरते, आणि ते काम पाच वर्षांच्या मुलांना ताईंच्या शेजारी बसून करता येते.